माझ्या नावावर सात जणी

१९ जानेवारी १९७१, मंगळवार. कोपरगाव

भाऊजी, यांचे धाकटे भाऊ, सकाळीच आले. थेट यांच्या खुर्चीत बसले. हे गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. मी चहा दिला.

राहात्याच्या रस्त्यावरचा गोळ्यांचा कारखाना विकायला निघालाय. पेपरमिंट, लिमलेट, नारिंगी फोडी. मालक मुंबईचे, थकले, मुलगा परदेशात. भाऊजींचं म्हणणं, त्यांची कंपनीच्या कंपनी आपल्या फौंड्रीने विकत घ्यायची. मी विचारलं, लोखंड ओतणाऱ्यांनी गोळ्या कशाला करायच्या? हसले. म्हणाले, दादाही हेच म्हणाला असता. पण वहिनी, उसाचे चरक किती दिवस विकणार? गुऱ्हाळं बंद पडताहेत, ऊस सगळा साखर कारखान्यांकडे चाललाय.

यात खोटं काही नाही. यांना शेवटच्या वर्षी हीच काळजी होती.

निम्मे पैसे बँक देणार. उरलेल्यासाठी ‘अग्रहक्काचे शेअर’ काढायचे. पेपरात जाहिरात नाही, आपली कंपनी खाजगी, तशी परवानगीच नसते. ओळखीच्यांना घरी जाऊन सांगायचं. दरसाल साडेनऊ टक्के ठरलेले, साध्या शेअरवाल्यांच्या आधी. दोन वर्षांनी मुद्दल परत.

मला म्हणाले, दादाचे साधे शेअर माझ्या नावे करा आणि त्या पैशात हे घ्या. सभेला यायची कटकट नको, ठरलेलं घरपोच येईल.

विचार करते म्हटलं. दुपारी ते शेअरचे कागद काढून बघितले. वारस म्हणून माझं नाव चढलंय, पण पहिली नजर जाते ती यांच्या नावावर. त्यावर लाल शाईची रेघ आहे. परत ठेवले.

२२ जानेवारी, शुक्र.

धाकट्या जाऊबाईंकडे, कुसुमकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू. मी आत, ओट्याशी तिळाच्या वड्या पाडत. येऊ नका असं कोणी म्हणत नाही, बाहेर बसा असंही कोणी म्हणत नाही. सवय झाली.

वाण देऊन झाल्यावर कुसुमने शेअरचं काढलं. भाऊजींनी पाठ करून दिल्यासारखं घडाघडा बोलली. बांगड्यांचासुद्धा आवाज नाही. मग सगुणाचा आवाज आला.

“अनसूया हाय का त्यात? ती असंल तर माझं घ्या.”

सगुणा सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. मूळची पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला इकडे आले तेव्हा आली आणि राहिली. नवरा तरुणपणीच निघून गेला, कुठे आहे माहीत नाही. म्हणून तिला कुंकू चालतं. यावर ती स्वतःच हसते.

कुसुम म्हणाली, वहिनी आहेत की आत. सगुणा म्हणाली, “मग विचारा तिला. ती वाचती, तिला कळतं.”

कुसुम आत आली. माझ्या हातात उलथणं, वड्या निघत नव्हत्या, पाक जरा पुढे गेला होता. वहिनी, तुम्ही घेताय ना?

हो म्हटलं.

मी ते वड्या निघत नव्हत्या म्हणून घाईने म्हटलं की खरंच ठरवून म्हटलं, घरी आल्यावर आठवून पाहिलं. सांगता येत नाही.

२५ जानेवारी, सोम.

सात जणी तयार झाल्या. भाऊजी रजिस्टर घेऊन आले. अडचण अशी की खाजगी कंपनीत सभासद पन्नासच्या वर चालत नाहीत. भावकी आणि व्यापारी धरून एकोणपन्नास झालेत. म्हणाले, पन्नासावं नाव तुमचं. या सात जणींचं सगळं तुमच्याच नावावर घ्या. कागदावर एक, आपसात आठ.

मी विचारलं, मी मेले तर? म्हणाले, असलं अभद्र बोलू नका.

मला वाटलं बायका नको म्हणतील. उलट त्यांना हायसंच वाटलं. शिलाईवाल्या शांताबाई तर म्हणाल्या, नाव तुमचंच बरं, माझं आलं तर घरात दोन दिवस जेवण होणार नाही. डब्यातले, ट्रंकेतले, नवऱ्याला नि सुनेला ठाऊक नसलेले पैसे. म्हणूनच ते सगळे माझ्यापाशी आले. सगुणाचे तेवढे उघड, फंडाचे. तिला चोरून ठेवायला घरात कोणी नाही.

बाकीच्यांची नावं इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

यांचे शेअर भाऊजींच्या नावे केले. सही करताना नाव नीट आलं. पूर्वी सही करताना हात अडायचा, हे बाजूला उभे राहून म्हणायचे, सावकाश, घोडं नाही पळत. आज कोणी म्हणालं नाही, तरी सावकाशच केली.

१४ फेब्रुवारी, रवि.

भाऊजींनी कारखाना दाखवायला नेलं. कुसुम, सगुणा, मी, जीपमधून. मोठी शेड, तांब्याच्या काहिली, वाफेचे पाइप. पाक ओतून थंड करायला लांब लोखंडी मेज. बायका ओळीने बसून कागद गुंडाळत होत्या, बोटं दिसत नव्हती इतक्या वेगाने. पेपरमिंटच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. सगुणाने ओच्यात गोळ्या भरल्या, एक माझ्या तोंडात कोंबली. “खा गं. आपल्याच हायेत आता.”

म्हातारे मालक एकटे बसले होते. भाऊजी यंत्रं बघायला गेले तेव्हा माझ्याशी बोलले. यांना ओळखत होते. म्हणाले, बाई, साखरेचा सरकारी कोटा आहे तोवर हा कारखाना. खुल्या भावाने साखर घेऊन गोळी परवडत नाही. कोटा घटला की या नुसत्या तांब्याच्या काहिली.

तेवढ्यात भाऊजी आले आणि विषय बदलला.

परतताना जीपमध्ये ते सांगावं असं दोनदा मनात आलं. भाऊजी खुशीत होते, सगुणा गोळ्या चघळत होती. विकणाऱ्यालाच कोट्याची काळजी असेल तर घेणाऱ्याला असणारच, असं मनाशी म्हटलं.

३ मार्च, बुध.

सर्टिफिकेट येऊन चार दिवस झाले. जाड कागद, कडेला वेलबुट्टी. मध्ये टाइपाने माझं एकटीचं नाव.

सोबत कंपनीची नियमावली, इंग्रजीत. शब्दकोश घेऊन बसले, तीन दिवस लागले. चौथीपर्यंत शाळा. पुढचं सगळं यांच्या पेपरांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर. पण अर्थ लागला. साडेनऊ टक्के मिळणार ते नफा झाला तर. आणि या शेअरांना सभेत मत नाही.

भाऊजींना विचारलं, ‘नफा झाला तर’ हे तुम्ही बोलला नव्हता. म्हणाले, नफा होणारच आहे, म्हणून बोललो नाही. लबाडी नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. खरंच तसं वाटतंय त्यांना.

सगुणाला दोन्ही सांगितलं. म्हणाली, मत घेऊन काय चाटायचंय, निवडणुकीचं एक आहे तेवढं बास. नफ्याचं म्हणाली, दुनिया गोळ्या खाती.

कोट्याचं नाही सांगितलं. आता पैसे गेलेत, उगीच जिवाला घोर कशाला, असं वाटलं.

११ ऑक्टो. १९७१, सोम.

पहिला लाभांश आला. पाकिटं करून सातही घरी पोचवली. कुणाकडे मागच्या दारी, कुणाला देवळात. शांताबाईंनी पाकीट पोलक्यात सरकवलं आणि डोळे मिटले. पाकिटाबरोबर भाऊजींनी दिलेली पावशेर गोळ्यांची पुडी.

सगुणाने चहा केला. हातात कप देताना बशी चुकली, चहा सांडला. डोळ्यापुढे धुकं येतंय म्हणते. मोतीबिंदू असेल, दवाखान्यात हजार पाहिलेत, माझाच राहिला होता, म्हणाली.

तिच्याकडून येताना फौंड्रीवरून आले. विठ्ठल मिस्त्री साच्यात वाळू भरत होते. मूठ आवळून वाळू बघतात, ढेकूळ नीट मोडतं का ते. यांची सवय. त्यांना यांनीच शिकवलं. मी दारातून बघितलं आणि निघाले. आत गेले असते तर त्यांनी काम थांबवलं असतं.

बरा दिवस.

१२ जून १९७२, सोम.

आज यांची तिथी. तिसरी. भाऊजी-कुसुम आले, जेवले. कारखान्याचं कोणी काही काढलं नाही.

कावळा लवकर शिवला. त्यांना माझ्याकडून आता काही नको असेल. मला मात्र त्यांना खूप विचारायचं आहे.

९ ऑगस्ट, बुध.

पाऊस नाहीच. गोदावरीचं पात्र पायी ओलांडतात. ऊस वाळला, तो जनावरांना घालताहेत. ऊस नाही म्हणजे चरक नाही, आणि साखरही नाही. गोळ्यांच्या कारखान्याचा कोटा कापला. निम्म्याहून कमी. खुल्या बाजारातली साखर हात लावू देत नाही.

हे भाऊजींनी नाही, कुसुमने सांगितलं. म्हणाली, वहिनी, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

मी पदराने भांडं पुसत राहिले. पुसून झालं होतं.

३१ ऑक्टो., मंगळ.

दिवाळी आली. लाभांश नाही. भाऊजींनी छापील पत्र पाठवलं, सगळ्या सभासदांना एकच. ‘प्रतिकूल परिस्थितीमुळे’. पन्नास पत्रं गेली असतील. सात जणींना पत्र नाही, त्या सभासद नाहीत. त्यांचं पत्र मी.

सातही घरी जाऊन आले. दोघी रडल्या. एकीने दार उघडलं आणि मी बोलायच्या आधीच म्हणाली, सासूबाई घरात आहेत, नंतर या. शांताबाई मशीन चालवत राहिल्या. पायडल थांबवलं नाही, मान वर केली नाही. मी सगळं त्या आवाजात सांगितलं. ऐकू गेलं असेल.

सगुणाकडे शेवटी गेले. तिला एका डोळ्याने आता नुसता उजेड-अंधार कळतो. दुसरा निम्मा. पुण्याला चांगल्या डॉक्टरांकडे करून घेणार होती, या लाभांशावर आणि पुढच्या मुदलावर भिस्त होती. मी पाटल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. तिने चाचपडून ओळखल्या.

“घाल त्या. मी काय सोनाराकडं आलेय व्हय?”

घातल्या. तिने हात धरून नीट बसल्या का ते पाहिलं.

१८ नोव्हें., शनि.

गेला आठवडा ताप होता. पडल्यापडल्या एकच विचार. मी गेले तर सर्टिफिकेट सोलापूरच्या लेकीच्या हाती जाणार. लेक गुणी आहे, पण जावयांना काय सांगणार, यातलं माझं किती आणि सात जणींचं किती? कंपनीत कुठेच नोंद नाही.

उठल्यावर आधी वकिलांकडे गेले, तेच कंपनीचे कागद बघतात. म्हटलं, रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहा, इतके अमुकीचे, इतके तमुकीचे. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, काकू, कायद्याने लिहिता येत नाही. कंपनी फक्त ज्याचं नाव त्याला ओळखते. कुणासाठी धरलेत ते रजिस्टरात घालायचंच नाही असं कलम आहे. तुम्ही वेगळा कागद करा, साक्षीदार घ्या, ज्याच्या त्याच्या सह्या घ्या.

सह्या कशा घेऊ? ज्या कारणाने पैसे माझ्याकडे आले त्याच कारणाने त्या सही करणार नाहीत. दोघींना विचारून पाहिलं. पहिली म्हणाली, काकू, पैसे बुडाले तर बुडाले, पण कागद नको.

कुठेही हात घातला की भिंत लागते.

१६ जानेवारी १९७३, मंगळ.

शांताबाईंच्या घरी कळलं. कसं ते माहीत नाही. नवरा माझ्या दारात आला. मोठ्याने बोलला नाही, त्याचंच जास्त वाटलं. शेजारच्या ओट्यावर दोघी निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले.

म्हणाला, “दीर फसवतो, भावजय गोळा करते. बरी जोडी आहे.”

मी म्हटलं, माझेही त्यातच आहेत. तो म्हणाला, तुमचे काय, तुम्ही घरातल्या.

खरंच, मी कुठली? घरातली म्हणावं तर मला कोणी काही विचारत नाही. बाहेरची म्हणावं तर आडनाव तेच.

६ मार्च, मंगळ.

रजिस्टर टपालाने नोटीस. अग्रहक्काच्या शेअरवाल्यांची वेगळी सभा, बुध. २८ मार्च, सकाळी दहा. आता आम्हाला मत आहे. आमचाच हक्क कमी करायचा तर आमची संमती लागते. तीन चतुर्थांश.

कशाला संमती ते तीनदा वाचलं. थकलेला लाभांश कायमचा सोडून द्यायचा. मुद्दल या मार्चअखेर परत मिळायचं ते आणखी सात वर्षांनी.

सगुणा एकसष्टची आहे.

१० मार्च, शनि.

भाऊजी आले. खुर्चीत नाही, उंबऱ्याजवळ पाटावर बसले. वाळलेत. दाढी दोन दिवसांची. म्हणाले, बाकीच्यांच्या सह्या झाल्या. तुमच्या एकटीच्या नावावर तिसऱ्या हिश्श्याच्या वर आहेत. तुम्ही नाही म्हटलं तर ठराव पडतो.

पडला तर काय? म्हणाले, गोळ्यांच्या कारखान्याला गिऱ्हाईक नाही, दुष्काळात कोण घेणार? विकण्यासारखी एकच गोष्ट, फौंड्रीची जागा. सिनेमा थेटरवाला मागतोय. कंपनी मोडायची, जागा द्यायची. आधी बँक, मग तुम्ही लोक. रुपयाला आठ आणे हाती पडतील, दहाही पडतील. साध्या शेअरवाल्यांना, म्हणजे मला, काही नाही.

मी विचारलं, आणि सही केली तर फौंड्री चालेल? खरं सांगा.

पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाले, “पाऊस पडला तर.”

मग म्हणाले, वहिनी, तुम्हाला तरी तो कारखाना घेणं चुकीचं वाटलं होतं का? तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं.

म्हातारे मालक कोट्याचं काय बोलले होते ते मी त्यांना सांगितलं. दोन वर्षांनी. सगळं, शब्दन् शब्द. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मला पण म्हणाले होते ते. मला वाटलं, भाव चढवायला बोलताहेत.

चहा राहिला करायचा.

१५ मार्च, गुरु.

सगुणा सोडून सहा जणींना विचारून झालं. विचारायलाच हवं, पैसे त्यांचे.

दोन बहिणी पापडवाल्या, म्हणाल्या, तुम्ही कराल ते बरोबर. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आत्ताचे आठ आणे घ्या. लगेच म्हणाल्या, पण माझ्या सांगण्यावर करू नका हं. एक आठवड्याने सांगते म्हणाली. एक बोललीच नाही, सुनेच्या पायांचा आवाज आला आणि मला तिने वाटीभर मीठ दिलं, मी मीठ मागायला आल्यासारखं. ते घेऊन आले.

शांताबाईंनी मशीन थांबवलं. “मला विचारू नका काकू. मी हो म्हटलं तरी मार, नाही म्हटलं तरी मार.”

घरी आल्यावर मीठ बरणीत ओतलं.

फौंड्रीत बावीस माणसं आहेत. बंद झाली तर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातील, दुसरं आहे काय आत्ता? आणि मी हिशेब कसा करू, एका बाजूला बावीस आणि दुसऱ्या बाजूला सात? हे असते तर म्हणाले असते, सावकाश. पण काय ते नसतं सांगितलं. ते कधीच सांगत नसत, नुसते बाजूला उभे राहायचे.

२४ मार्च, शनि.

एस्टीने राहात्याला गेले. शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलंय, फुकट. सगुणाने पुण्याची वाट बघणं सोडलं आणि तिथेच नाव घातलं. परवा ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे बांधलेले. वर्गात सतरंज्यांवर ओळीने माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, उशीला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. फळ्यावर पाढे तसेच.

ती आवाजावरून ओळखणार म्हणून मी बोलले नाही, नुसती शेजारी बसले. तरी म्हणाली, आलीस?

चमच्याने लापशी भरवली. शिबिराच्या नर्सला म्हणाली, पट्टी सैल बांधलीय, आमच्या वेळी अशी बांधली असती तर मॅडमनी पळवलं असतं. नर्स हसली आणि पट्टी घट्ट करून गेली.

मग मी नोटीस वाचून दाखवली. हळू, कानाशी. दोन्ही बाजू सांगितल्या. भाऊजी काय म्हणाले, सहा जणी काय म्हणाल्या. कोट्याचंही सांगितलं. मला ते आधीपासून माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही, हेही.

तिला झोप लागली असं वाटलं. डोळे दिसत नाहीत तर माणसाचं काय कळतं?

“त्या दिवशी जीपमध्ये?”

हो म्हटलं.

“मी तुझ्या तोंडात गोळी घातली तेव्हा?”

गोळी तिने कारखान्यातच घातली होती, मालक बोलले ते त्यानंतर. पण मी तेही हो म्हटलं. काय फरक पडतो.

मान हलवायची नव्हती, म्हणून तिने नुसता हात उलटा केला, तळवा वर. मी त्यात माझा ठेवावा म्हणून की काही देणं नाही म्हणून, कळलं नाही. मी ठेवला. तिने काढून घेतला नाही. धरलाही नाही.

विचारलं, सही करू का नको? म्हणाली, “शुक्रवारी पट्टी सुटती. तवर मला काई इचारू नको. आंधळ्यानं सांगितलेलं तू ऐकशील, अन् मग जन्मभर मला आंधळी म्हनशील.”

सभा बुधवारी आहे म्हटलं. ती म्हणाली, “मग बुधवारचं तुझं तू बघ.”

पाचची एस्टी मिळाली. उभं राहून यावं लागलं.

२६ मार्च, सोम.

भाऊजींकडे गेले. म्हटलं, सभा शुक्रवारनंतर ठेवा, दोन दिवसांचा तर प्रश्न. म्हणाले, पुन्हा एकवीस दिवसांची नोटीस काढावी लागेल आणि मुदत तर शनिवारी संपते. बँकेनेही अठ्ठावीसच दिलीय.

कुसुम दारात उभी होती. आज पहिल्यांदा तिने मला बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. सरबत दिलं. पेल्याला पदर लावून धरला होता तिने. म्हणाली, वहिनी, मी त्या दिवशी आत येऊन विचारलंच नसतं तर.

विचारलं नसतंस तरी मी वड्याच पाडत असते, म्हटलं. ती रडली. मला रडू येत नाही हल्ली, दुपारी एकटी असते तेव्हाच काय ते.

२७ मार्च, मंगळ.

संमतीचा कागद पुढे आहे. ‘संमत आहे / संमत नाही’, नको ते खोडा. दौत उघडी राहिली, शाईवर साय आली. बंद केली.

आठ आणे घेतले तर सगुणाचं म्हातारपण दोन-तीन वर्षं निघेल. सात वर्षं दिली तर पाऊस पडला तर. सगळं पावसावर, आणि आभाळ तव्यासारखं कोरडं.

चारच्या सुमाराला विठ्ठल मिस्त्री आले. कधी येत नाहीत. आत बोलावलं तर पायरीवरच बसले, टोपी गुडघ्यावर. पाणी प्यायले. सभेचं त्यांना ठाऊक असणारच, गावाला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही. मुलीचं, विहिरीचं, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या भाकरीचं बोलले. ती लाल भाकरी खाऊन पोरांची पोटं दुखतात म्हणाले.

उठताना म्हणाले, “वैनी, एक चरकाची आर्डर हाय, लहान. भट्टी शुक्रवारी लावायची म्हनलं तर कोक-कोळसा आज सांगावा लागतोय. मागवू का?”

शुक्रवार म्हणाले. सगुणाची पट्टीही शुक्रवारीच सुटते. त्यांनी मुद्दाम नाही म्हटलेलं, भट्टीचा वार शुक्रवारच असतो.

मागवा म्हणावं तर मी सही केल्यासारखं. नको म्हणावं तर केली नाही असं. मी म्हटलं, मला काय विचारता मिस्त्री, भाऊजींना विचारा. ते म्हणाले, “त्यास्नी इचारलं. त्ये म्हनले, वैनींना इचार.”

ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं. कोकवाल्याची गाडी सहाला जाते, असं ते म्हणाले, मला घाई नाही अशा सुरात, आणि टोपी घालून उभे राहिले. गेले नाहीत. अजून अंगणात आहेत. मी कागद आणायला म्हणून आत आले आणि हे लिहीत बसलेय.